आधी आवाज बंद

आमच्या शाळेत तिला सगळे रिमोटबाई म्हणतात. ती तिसरीची बाई. मी शेजारी दुसरीला शिकवते, आणि मधली भिंत पातळ, त्यामुळे तिच्या पडद्याचा सगळा गोंगाट माझ्याच डोक्याशी. शाळेला तो मोठा डिजिटल पडदा मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारखं त्यावर कापड टाकून ठेवलं. बिघडला तर निस्तरणार कोण? हिने त्याच दिवशी कापड काढलं, आणि रिमोट जो पर्समध्ये टाकला तो तिथेच राहिला. एकदा घाईत घरच्या टीव्हीचा रिमोट घेऊन आली आणि शाळेचा घरी विसरली. दिवसभर इथे पडदा ढिम्म, आणि तिकडे सासूबाई मालिका बुडाली म्हणून फुगून बसलेल्या. दोन्हीकडे बोलणी खाल्ली, पण बाईच्या कपाळावर आठी नाही.

तिच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला ऐकू येत नसे, पण समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची, आणि आपल्या जाडसर आवाजात उत्तरंही द्यायची. तिच्यासाठी रिमोटबाईने एक रीत बसवली होती. कुठलीही फिल्म आधी आवाज बंद करून दाखवायची. पडद्यावरचा माणूस काय करतोय, काय म्हणतोय, ते मुलांनी नुसतं बघून सांगायचं. आवाज मागाहून. म्हणजे सगळी एका पायरीवर. तेवढा वेळ तिसरीतली बडबडी मंडळी पडद्याला डोळे लावून गप्प बसायची, म्हणून ही रीत मलाही आवडायची. सर्वसमावेशक वगैरे शब्द मला मागाहून कळले.

पण मुलीचं काही खरं नव्हतं. वरच्या कार्यालयातले साहेब येऊन धडा बघणार होते, आणि ती इथे शिकेल की दूरच्या निवासी शाळेत जाईल, हे ठरवणार होते. तिची आई शिवणकाम करायची. शाळा सुटली की फाटकाशी उभी राहून रोज विचारायची, "बाई, काही कळलं का हो?" रिमोटबाई म्हणायची, "मी आहे ना." माझं डोकं फिरायचं. तू कोण लागून गेलीस गं? आपल्या हातात नाही ते कबूल कशाला करायचं?

साहेबांसाठी म्हणून बाईने स्वतःच फिल्म काढायला घेतली. विषय, बी कसं पेरावं. नायक, आमचे मुख्याध्यापक. त्यांनी या भूमिकेसाठी मिशी उतरवली आणि ठेवणीतला शर्ट घालून अंगणातल्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. बाई फोन घेऊन लांब व्हरांड्यात सावलीला, चित्र मात्र जवळ ओढलेलं. मुख्याध्यापक माती उकरता उकरता बाजूच्या क्लार्कशी काहीबाही बोलत होते. ते इतक्या लांबून बाईला कुठलं ऐकू यायला? फोनवर नुसता वाऱ्याचा घूं घूं आला होता. तिने तो पुसून टाकला आणि त्यावर आपलं निवेदन अन् बासरी चढवली. फिल्म झकास झाली. मुख्याध्यापकांनी ती घरच्यांनाही पाठवली.

धड्याच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले, त्यांच्याशेजारी मुख्याध्यापक, आणि कोपऱ्यात मी. बाईने सवयीप्रमाणे आधी आवाज बंद केला. पडद्यावर मुख्याध्यापकांचा भलामोठा चेहरा आला, ओठ हलत होते. मुलं सांगू लागली, "सर खड्डा करतायत." "सर पाणी घालतायत." मग बाईने विचारलं, "आणि सर म्हणतायत काय?"

सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बघू लागला. हा तिचा प्रांत होता. मुलगी उठली, पडद्यावरची नजर न हलवता एकेक वाक्य सांगत गेली. "ही पोरगी जाणारच आहे. साहेबांनी आधीच ठरवलंय. मग हा खटाटोप कशाला?"

मुख्याध्यापकांचा चेहरा खर्रकन उतरला. साहेब पुढे वाकून म्हणाले, "काय म्हणाली ती?" मुलीला वाटलं, आपलं बोलणं नीट कळलं नाही. तिने तेच पुन्हा, आणखी जोरात सांगितलं. मग बाईकडे वळून विचारलं, "बरोबर?" पोरगी म्हणजे आपणच, हे तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिने बाक घट्ट धरला.

मला वाटलं, आता ही बाई काहीतरी गोड थाप मारणार.

रिमोटबाईने पडदा थांबवला. मुलीसमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "तू बरोबर ओळखलंस. पण सर म्हणाले ते चूक आहे." मग मागे बघितलं. "चूक आहे ना, साहेब?"

साहेब फायलीत तोंड घालून काहीतरी पुटपुटले.

"मान वर करून सांगा," बाई म्हणाली. "तिला दिसलं पाहिजे."

अख्खी तिसरी मागे वळून साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. रीतच होती ती त्यांची. साहेबांनी एकदा मुख्याध्यापकांकडे बघितलं, मग मान वर केली.

मुलीने त्यांचे ओठ थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वर्गाला मोठ्याने सांगितलं, "साहेब म्हणतायत, ती इथेच शिकेल."