कडेची माणसं

ग्लेनिस टेबट सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या रशडेन गावच्या बुटांच्या कारखान्यात लागली. काम एकच: चामडं शिवण्याआधी त्याची कड तासून पातळ करायची, म्हणजे शिवण पायाला टोचत नाही. बावीस वर्षं तिने कडा तासल्या. मग बूट परदेशातून यायला लागले, कारखान्याला टाळं लागलं, आणि सिल्वरस्टोनच्या शर्यतीच्या मैदानाच्या वाटेवर, मोटारशर्यतीच्या एका संघाला कापड नीट अंथरणारे हात हवे होते. चामड्याच्या जागी कार्बनचं काळं, चिकट कापड आलं, एवढाच फरक. साच्यात थरावर थर बसवायचे आणि दाबाच्या भट्टीत भाजायचे. यंदाच्या ऑक्टोबरात ती निवृत्त होणार होती. तिने केलेला एकही भाग आजवर परत आला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

जूनमध्ये शर्यतीच्या गाडीचा नवा तळ निघाला. या गाड्यांची खरी करामत पोटाखाली असते. तिथून वारा जितका नीट जाईल तितकी गाडी रस्त्याला चिकटून राहते. वाऱ्याच्या बोगद्यात गाडीची छोटी प्रतिकृती ठेवून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता: फेरीमागे सेकंदाचे तीन दशांश वाचणार. तळ ग्लेनिसने केला. कामाच्या कागदावर तिची सही होती.

स्पेनच्या शर्यतीआधी शुक्रवारच्या सरावात तो एका गाडीला बसवला. गाडी जुन्यापेक्षा हळू! वेगाच्या वळणांवर मागून डुलायला लागली. सराव तासाभराचा, त्यात टायरही पारखायचे, इंधनही पारखायचं. बिघाड शोधणार कधी? शनिवारी जुना तळ चढला, आणि चार महिन्यांची मेहनत खोक्यात बसून घरी आली.

लोकांना वाटतं, नवा भाग लावला की गाडी पळते. तसं असतं तर सगळेच पहिले आले नसते का?

सोमवारी बैठकीत बोगद्याची माणसं म्हणाली, आमचे आकडे बरोबर आहेत, भागच चुकीचा बनलाय. कार्यशाळेचा प्रमुख कॉलिन गार्ले ताडकन उठून खाली आला.

"ग्लेनिस, तुझ्या तळाला नावं ठेवतायत. मी पुन्हा मोजला. केसाचाही फरक नाही. तू अजिबात मनाला लावून घेऊ नकोस."

"मोजणारं यंत्र आहे ना? मग मनाला कशाला लावू?" ती म्हणाली. पण तिने लावून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत चीज आणि लोणच्याचं सँडविच तसंच ठेवून ती खोक्यापाशी गेली. बुटाच्या टाचेजवळ दाबतात तसा तिने अंगठा तळाच्या कडेवर दाबला. मग भिंतीला टेकवलेल्या जुन्या तळावर दाबला. मग पुन्हा नव्यावर.

नवी कड दबत होती.

आकार जिथल्या तिथे होता, पण ताशी तीनशेच्या वाऱ्यात ही कड थरथरणार, हे अंगठ्याला कळलं. कारणही तिला कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. कडेवर थर एकमेकांवर किती चढवायचे? नकाशात लिहिलं होतं, पंधरा ते पंचवीस मिलिमीटर. तिने बरोबर पंधरा ठेवले होते. मार्चपासून कार्यशाळेत एक फळा टांगलेला होता: कोणी भागाचं किती वजन वाचवलं, ते ग्रॅममध्ये. शुक्रवारी पहिल्या येणाऱ्याला कॉलिनकडून बेकन सँडविच. या तळाने ग्लेनिसला सँडविच मिळालं होतं. जुना तळ फळ्याआधीचा, भरपूर थरांचा.

ती गप्प बसली असती तर यंत्राने तिला सोडवलंच होतं. तिने बोगद्याच्या इमोजेन स्लेटरला बोलावलं.

"पोरी, अंगठा दे. इथे दाब. आता इथे."

इमोजेनने दाबलं. तिचा चेहरा उतरला. "ही वाकते."

"मी पंधरा ठेवले. पंचवीस ठेवता आले असते. वजनाच्या नादात कड तासली मी. जुनी सवय."

"तू नियमातच होतीस!" मागे येऊन उभा राहिलेला कॉलिन ओरडला. "कशाला स्वतःहून मान पुढे करतेस?"

"नियमात होते म्हणून गाडी पळाली का, कॉलिन?"

इमोजेन खाली बघत म्हणाली, "बोगद्यातल्या प्रतिकृतीची कड धातूची आहे हो. वाकायचा प्रश्नच नव्हता. खरी कड वाकेल हे आम्ही धरलंच नाही. पंधरा चालतील, हे मीच लिहिलं होतं."

"मग दोघी शहाण्या. चल, कापड काढ."

नवी कड पंचवीसची झाली. वजन एकशे ऐंशी ग्रॅमने वाढलं. ग्लेनिसने खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःच्या नावापुढे स्वतःच लिहिलं: अधिक १८०. सगळ्यात खालचा क्रमांक. कुणी हसलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "हसा की मेल्यांनो, मरण नाही आलंय कुणाला."

तीन आठवड्यांनी सिल्वरस्टोनला संघाच्या माणसांना सरावाची तिकिटं मिळाली. ग्लेनिस थर्मास घेऊन गवताच्या उतारावर बसली. गाडीच्या तळाच्या कडेला हिरवा पातळ रंग फासला होता. वारा जिकडे जाईल तिकडे रंग ओढला जातो. गाडी परत आली तेव्हा मोठ्या पडद्यावर तिने पाहिलं: रंगाच्या रेघा कडेपर्यंत सरळ गेल्या होत्या.

इमोजेनचा फोन आला. "दोन दशांश मिळाले, ग्लेनिस. तिसरा कुठे गेला कळत नाही. वर सगळे तोंड पाडून बसलेत."

"बसू दे. दोन आलेत ना? तिसरा सोमवारी शोधू."

"सोमवारी बोगद्यात येता का? नव्या प्रतिकृतीची कड दाबून बघायला हवी."

"येते. पण ऑक्टोबरपर्यंतच हं."

फोन ठेवेपर्यंत कॉलिन उतारावरून धापा टाकत आला. त्याने कागदात गुंडाळलेलं बेकन सँडविच तिच्या मांडीवर टाकलं.

"मी तर शेवटची आहे फळ्यावर," ती म्हणाली.

"माहितेय. खा मुकाट्याने."

सँडविच पार गार झालं होतं. तिने ते सगळं खाल्लं.