पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू

लेकीने कॅनडात घर घेतलं, त्याच्या मागच्या बागेत कुंपणाला लागून एक झाड आयतंच मिळालं. गुडघाभर उंच, पेन्सिलीएवढी कांडी, हिरव्या पानांवर लांबच्या लांब पांढरे पट्टे. बाकी बाग बर्फाखाली गेली तरी हे हिरवंच. बांबू आहे एवढं कळत होतं, पण कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने फोटो पाठवून मला विचारलं, ठेवू की बर्फ वितळल्यावर काढून टाकू? कुंपणापलीकडे शेजारच्या आजींचा स्ट्रॉबेरीचा वाफा होता, त्यात हे घुसेल अशी तिला धास्ती.

मला फार आनंद झाला. इथे कुवेतमध्ये वाढलेली ही मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, आणि कॉलेजला गेल्यापासून तिने मला काही म्हणजे काही विचारलेलं नव्हतं. मी इथल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत पंप दुरुस्त करणारा माणूस, पण जन्म सावंतवाडीकडचा. घरामागे माणगा बांबूचं भलंमोठं बेट होतं. बांबूचं मला नाही विचारायचं तर कुणाला?

लागलो कामाला. पानाचा फोटो, पानाच्या पाठीचा, पेराचा, सगळे मागवले. मोबाइलमधल्या झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपने तीन फोटोंना तीन नावं दिली. बायको म्हणाली, स्वतःचं डोकं चालवण्यापेक्षा जाणकाराला दाखवा. म्हणून शुक्रवारी नर्सरीत गेलो. तिथल्या केरळी माळ्याने फोटोंवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "पत्ता छोड़ो साब, जड़ दिखाओ."

मला रागच आला. तिकडे जमीन गोठून दगड झालेली, पोरगी काय कुदळ घेऊन बसणार? शिवाय बांबू बेट करून एका जागी राहतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आमचा माणगा कधी शेजाऱ्याच्या अंगणात गेला नाही. मुळाचं मी लेकीला सांगितलंच नाही. ठणकावून कळवलं, शोभेचा बांबू आहे, जागचा हलणार नाही, खुशाल ठेव.

तिने ठेवला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने थेट कॅमेरा कुंपणापलीकडे वळवला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पट्ट्यापट्ट्यांचे कोंब उभे होते. मग तिने उपटलेलं मूळ दाखवलं, सुंभाच्या दोरीसारखं लांब आणि पेरापेराला डोळा. जपानकडचा बुटका बांबू, जमिनीखालून धावणारा. अ‍ॅपने दिलेल्या तीन नावांत हेही होतं, ते मीच निकालात काढलं होतं. आजींचा अर्धा वाफा आता खणून काढावा लागणार होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळ्याचं म्हणणं तेव्हा दडवलं होतं, ते सांगून टाकलं. मग ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही कधीच 'माहीत नाही' म्हणत नाही. म्हणून तर मी तुम्हाला विचारायचं सोडून दिलं होतं."

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मी खाली बघत राहिलो.

जरा वेळाने तिने कॅमेरा दुसऱ्या कोपऱ्यात नेला. तिथे लालसर देठांचं एक रोप होतं. हे काय असेल, तिने विचारलं.

ओठांवर एक नाव आलं होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मूळ बघूया का?"

ती खुरपं आणायला आत गेली. मी फोन धरून बसून राहिलो.