बंधाऱ्याखालचे मासे

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई म्हणत, विभागप्रमुख सरसुद्धा. तेरा वर्षं ताई माशांच्या परांचे नखाएवढे तुकडे नळीत घालत, त्यांतून डीएनए वेगळा काढत. त्यावर इतरांचे प्रबंध झाले. आभाराच्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत, ताई असत.

एका वर्षी संशोधक विद्यार्थ्याच्या जागेची जाहिरात निघाली : नदीतल्या माशांची आनुवंशिकता आणि त्यांचा माग. वयाची अट नव्हती. जेवताना ताई म्हणाल्या, "मी अर्ज करतेय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "चाळिशीत? पोरगी दहावीला आहे."

"तिचा अभ्यास ती करेल, माझा मी."

सासूबाई म्हणाल्या, "माशांमागे फिरायला पदवी कशाला? मांजर फुकट फिरतं." सगळे हसले. अर्ज गेला.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?"

"मला कुणी विचारलं नाही, मॅडम. मीही कुणाला विचारलं नाही."

जागा मिळाली.

नदीवरच्या बंधाऱ्यालगत माशांना वर चढायला पाण्याच्या पायऱ्या होत्या. आराखडा सरांचाच. मासे त्या चढतात का, एवढं ताईंना शोधायचं होतं. माशाला भुलीच्या पाण्यात ठेवायचं, पोटाला बारीक छेद देऊन वालाच्या दाण्याएवढा ट्रान्समीटर आत सारायचा, दोन टाके घालायचे. पहिले तीन मासे दगावले. पुढचे तीस जगले.

मग वर्षभर अँटेना घेऊन काठाकाठाने पायपीट; ताईंचे गुडघे धरले. एका म्हाताऱ्याने हटकलं, "घरी टीव्ही दिसत नाही का?"

तिसातला एकही मासा वर गेला नाही. डीएनएही तेच सांगत होता : वरचे आणि खालचे मासे दोन वेगळी घराणी होत चालले होते.

सरांनी तक्ते बाजूला सारले. "तुमचं काहीतरी चुकलंय."

"पुन्हा करते."

त्यांनी सगळे नमुने पुन्हा तपासले. उत्तर तेच आलं. सर आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी प्रबंधावर सही करून म्हणाले, "पायऱ्या फार उंच झाल्या. तेव्हाच एकाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

ताईंना पदवी मिळाली. पायऱ्या बदलायला आणखी तीन वर्षं लागली. मधल्या काळात सर निवृत्त झाले. नव्या पायऱ्यांसाठी ताईंनी पुन्हा तीस माशांना टाके घातले, आणि पुढच्या पुरानंतर सरांना फोन केला.

"किती वर गेले?"

"चार."

"तिसात चार. आधी शून्य होते."

"हो, सर."

मग त्यांनी ताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.