सूर देण्याचं काम
आमच्या कॉलेजच्या वाद्यवृंदाचा प्रमुख ऐन स्पर्धेच्या तोंडावर सोडून गेला. कारण विचारलं तर "मेरे से अब नहीं होगा" एवढंच म्हणाला आणि व्हायोलिन पेटीत घालून चालता झाला. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याहून चांगलं वाजवणारे निदान तिघेचौघे होते. मी नको नको म्हणेपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनं सुरूही झाली.

घरी, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, आई हरखली. "एवढा मान भेटला, अन् तू तोंड काहून वाकडं करून राहिली?"

मान कसला डोंबलाचा. मागच्या रांगेत चुका खपतात, तिथे मी सुखात होते.

आमची रीत अशी: प्रमुखाने सूर द्यायचा, बाकीच्यांनी त्यावर तारा जुळवायच्या, सरांनी ऐकून मान हलवली की सुरुवात. रायपूरच्या उन्हाळ्यात तारा सारख्या उतरतात. एका दुपारी माझ्या व्हायोलिनची खुंटी घसरली आणि मी दिलेला सूर चक्क बेसूर निघाला. सगळ्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. "बढ़िया. चलो."

वाजवायला लागलो ते कानांना टोचत होतं. सर मात्र रंगून हात हलवत होते, नजर माझ्या गजावर. मला राहवेना, मी गज थांबवला. त्यांचा हातही थांबला. मागे बासरीवाला अजून वाजवतच होता.

सर मूळचे अमरावतीकडचे, माझ्याशी मराठीत बोलत. त्यांनी मला विचारलं, "थांबले काहून सगळे?"

शेजारची मँडोलिनवाली पुटपुटली, "दीदी, सर को तो..." मी डोळे वटारून तिला गप्प केलं.

सगळे गेल्यावर मी सरांना विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?" ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"दाखवलं. आता नाही होत काही. हे कळलं तर मले घरी बसवतील, अन् वाद्यवृंद बंद."

"मग मला कशाला प्रमुख केलं, सर? मी तर चुकते."

"ते मले कुठं ऐकू येते." ते हसले. मला हसू आलं नाही. "तुझ्या आधीच्या त्या पोट्ट्याले सगळं माहीत होतं, पण त्याले लपवणं जमलं नाही. तुले जमते. त्या पोरीले कसं गप्प केलं, ते पाहिलं मी."

मला राग यायला हवा होता. आली ती भीती, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. एकेकाला बोलावून तारा जुळवून घेतल्या, सर यायच्या आत. मँडोलिनवाली आली तेव्हा तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, यापुढे सरांशी काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोलायचं.

"जी दीदी," ती म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरली.