युरोपात आता काही राहिलं नाही

एका मुलीला मी युरोपात शिकायला जाऊ नको असं सांगितलं आणि ते तिच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं. हे आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. लोकांना वाटतं, मी माहितगार माणूस, माहितीतून सल्ला दिला. माहिती होती माझ्याकडे. तीच तेवढी मी तिला दिली नाही.

आम्ही इथं आखातात, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहतो. सकाळी एका गाडीतून तिघं कामाला जायचो. गाडी ज्याची, तो मरीना भागात विम्याच्या ऑफिसात आहे, मूळ पुण्याचा, माझ्याहून लहान आणि जिभेला हाड नसलेला. दुसरे एसीच्या डक्टच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. वयानं मोठे, म्हणून आम्ही दोघं त्यांना दादा म्हणतो. मी खाण्याच्या वस्तू आयात करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात क्वालिटी बघतो. युरोपातून चीज येतं, चॉकलेट येतं, फ्रोजन बटाटे येतात. कंटेनर उघडला की आतलं तापमान घ्यायचं, तारखा बघायच्या, अरबी लेबल जागेवर आहे ना ते बघायचं. माझं गोदाम आणि दादांचं वर्कशॉप दोन्ही अल क्वोजला. आम्हाला तिथं उतरवून गाडी पुढं जायची.

मी मुळात कमी बोलणारा. गाडीत मला बोलायला एकच विषय दिलेला होता, युरोप. तिकडचा माल बघतो म्हणून, आणि कंपनीनं एकदा तिकडच्या फूड एक्झिबिशनला पाठवलं होतं म्हणून. तिथं मी पाहिलं काय? हॉटेल, प्रदर्शनाचा हॉल आणि हॉटेलशेजारचं एक सुपरमार्केट. पण गाडीत मी जन्म तिकडे काढून आल्यासारखा धरला जायचो.

"काय युरोपमंत्री," सिग्नलला गाडी थांबली की गाडीवाला म्हणायचा, "आज कुठलं सरकार पडलं?"

मग मी सांगायचो. गॅस महागला. कारखाने बंद पडताहेत. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत घुसले. बाहेरच्यांना हाकला म्हणणारे निवडून येताहेत. सगळं रात्री फोनवर वाचलेलं.

"ते काही असो, राव. चीज करावं त्यांनीच," गाडीवाला म्हणायचा. "परवा बायकोनं एक आणलं. चाळीस दिरहम. म्हणजे नऊशे रुपये झाले की हो! आणि वास असा, की मुलगी विचारते, ममा, इज समथिंग डेड?"

"खा, पण जपून," मी म्हणायचो. "तिकडच्या मालाचं काही खरं नाही. सारखं काही ना काही परत मागवतात."

आणि मग मी तो किस्सा सांगायचो. हॉटेलशेजारच्या त्या सुपरमार्केटच्या दारावर, अगदी डोळ्यांसमोर येईल असा, एक कागद चिकटवलेला होता. अमुक चीज आमच्याकडून घेतलं असेल तर खाऊ नका, परत आणून द्या. "स्वतःच्या बदनामीचा कागद स्वतःच्याच दारावर!" असं मी म्हणालो की गाडीवाला स्टिअरिंगवर हात मारून हसायचा. किस्सा हमखास चालायचा.

आता मुलाचं. आमच्या मुलानं बारावीनंतर जर्मनीत आणि हॉलंडमध्ये अर्ज केले होते. कुठंच मिळालं नाही. शेवटचा नकार आला तेव्हा तो डायनिंग टेबलाशी बसून कॉर्नफ्लेक्स खात होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, जस्ट टेल देम आय डिडन्ट गेट इन. इट्स ओके." त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान दाखवत तरी नव्हता. मला वाटत होतं. गाडीत मी आधीच सांगून बसलो होतो की पोरगा चाललाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यानं विचारलंच. "काय, चिरंजीवांचं विमान कधी?"

"नाही पाठवत," मी म्हणालो. "खूप विचार केला आम्ही. युरोपात आता काही राहिलं नाही."

वाक्य आपोआप बाहेर पडलं. आधी जुळवलेलं नव्हतं. मागच्या सीटवरून दादा म्हणाले, "शहाणपणा केलात." एसीचा वारा तोंडावर येत होता. विषय संपला.

त्यानंतर माझी मतं कडक झाली. आधी मी गमतीनं बोलायचो. आता मला ते सगळं खरं निघायला हवं होतं. तिकडचा एखादा मोठा कारखाना बंद पडल्याची बातमी वाचली की मला बरं वाटायचं. तिथं हजारो माणसं घरी बसत असतील, आणि मी इथं चहा पीत ती बातमी सकाळी गाडीत सांगण्यासाठी बाजूला ठेवायचो. मुलगा पुण्याला कॉलेजात गेला. फोनवर तो या विषयावर कधी बोलला नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी अल क्वोजला उतरल्यावर दादा लगेच वर्कशॉपकडे वळले नाहीत. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून दोन करक, म्हणजे इथला दाट उकळलेला चहा, घेऊन आले आणि कागदी कप माझ्या हातात देत म्हणाले, "पोरीला जर्मनीत मिळालंय. अन्नाची सुरक्षितता का काय, म्हणजे तुमचाच विषय. या आठवड्यात हो-नाही कळवायचंय. तुम्ही रविवारी घरी या. मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं करू."

त्यांची मुलगी पुण्यात बीएस्सी करून आई-वडिलांकडे परत आली होती. मी ओळखत होतो तिला. गणपतीच्या कार्यक्रमात निवेदन करायची. मराठी आमच्या मुलापेक्षा कितीतरी बरं.

रविवारी गेलो. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. मुलगी समोर स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि एकेक विचारू लागली. तयारी करून बसली होती. तिकडे भाषेचं कसं? नंतर नोकरी मिळते का? आपल्या लोकांशी कसे वागतात?

मी सांगत गेलो. भाषा आल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. त्यांच्याच पोरांना नोकऱ्या नाहीत. राजकारण आपल्याविरुद्ध चाललंय. यातलं एकही वाक्य मी मनानं रचलेलं नव्हतं. सगळं कुठं ना कुठं छापून आलेलं होतं. मी फक्त निवडून काढत होतो, तांदळातून खडे काढतात तसं, पण खडे तेवढे पुढे करत होतो.

मग ती म्हणाली, "काका, बाबा सांगत होते, तुम्ही दुकानाच्या दारावर कागद बघितला होता. चीज परत आणून द्या म्हणून."

"हो ना. बघ, असा त्यांचा माल."

"पण काका, परत मागवतात म्हणजे कुणीतरी तपासत होतं ना? नाहीतर कळलंच नसतं कुणाला. मला तेच शिकायचंय. कसं शोधतात ते."

त्या कागदासमोर उभा असताना माझ्याही मनात हेच आलं होतं. गाडीत ते मी कधी सांगितलं नाही, कारण त्यावर कुणी हसलं नसतं. लोक तो कागद वाचत होते आणि आत जाऊन दुसरं चीज घेत होते. कुणी घाबरलेलं नव्हतं. एक म्हातारी तर पिशवीतून अर्धवट खाल्लेलं चीज काढून काउंटरवर देत होती, आणि काउंटरवरची मुलगी तिला सॉरी म्हणत होती. इतकी वर्षं थर्मामीटर घेऊन कंटेनरमध्ये शिरतो, तर त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं काम बरं वाटलं होतं.

मी नुसतं "हो" म्हणायला हवं होतं. मी खिचडीचा घास घेतला.

"पुस्तकात ठीक आहे हे," मी म्हणालो.

ती काही बोलणार होती, तेवढ्यात दादांनी विचारलं, "तुम्ही तुमच्या मुलाला नाहीच पाठवलंत ना?"

वहिनी वाढता वाढता थांबल्या. मुलगीही माझ्याकडे बघत होती. सगळं त्या उत्तरावर येऊन थांबलं आहे हे मला दिसत होतं. ती गेली असती, तिचं तिथं चांगलं झालं असतं, तर गाडीत रोज तिचीच खबर आली असती. आणि कुणीतरी, बहुतेक गाडीवाल्यानंच, कधीतरी विचारलं असतं, की मग तुमच्या पोराला का नाही पाठवलंत, मंत्री?

"नाही पाठवलं," मी म्हणालो. "युरोपात आता काही राहिलं नाही."

"खलास," दादा म्हणाले.

"सुटले बाई," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. एकटी पोर इतक्या लांब जाणार म्हणून त्यांना झोप नव्हती.

मुलीनं लॅपटॉप मिटला. वाद घातला नाही. "ओके काका. थँक यू," म्हणाली.

घरी येताना मला काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटायला हवं, पण फारसं वाटत नाही. कोल्ड स्टोअरमध्ये बराच वेळ हातमोज्यांशिवाय काम केलं की बोटं आधी दुखतात आणि मग दुखायची थांबतात. तशातलं काहीतरी आहे.

काही महिन्यांनी दादांनी शब्द टाकला आणि मी आमच्या मॅनेजरला सांगून तिला गोदामात लावून घेतलं. दादा अजून ते उपकार मानतात. ती तिकडून आलेल्या डब्यांवरची अरबी लेबलं तपासते. तारीख, वजन, घटक. काम चोख. पण लेबल तपासणं वेगळं आणि आत काय आहे ते शोधणं वेगळं, हे तिलाही कळतं आणि मलाही. गोदामात मला सर म्हणते, गाडीत काका. हो, गाडीतही आता ती असते, मागं वडिलांशेजारी. मी पुढं बसतो. युरोपवर बोलणं मी बंद केलंय.

"मंत्र्यांनी राजीनामा दिला वाटतं," गाडीवाला म्हणतो. "का पक्ष बदलताय?"

परवा गाडीवाल्याची भाची आमच्याबरोबर होती. शारजात राहते, बारावीला आहे, मामाकडे मुक्कामाला आली होती. मागं दादांच्या मुलीशी तिच्या गप्पा चालल्या होत्या. मध्येच ती म्हणाली, "ताई, आय वॉज थिंकिंग ऑफ जर्मनी."

"नको गं," दादांची मुलगी म्हणाली. "युरोपात आता काही राहिलं नाही."

माझंच वाक्य. "आता"वर मी थांबतो तशीच थांबली.

"काकांनी मला वेळेवर सांगितलं म्हणून बरं," ती पुढं म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या मुलालाही नाही पाठवलं."

"बोला मंत्री!" गाडीवाला म्हणाला. "भाचीचा प्रश्न आहे."

अल खैल रोडवर नेहमीची गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. मी समोर बघत म्हणालो, "अर्ज कर. मिळालं तर जा."

मग मागून आवाज आला. "काका, मग मला का नको म्हणालात?"

रागानं नव्हतं विचारलेलं. लेबलावर काही चुकलेलं दिसलं की ती येऊन विचारते, सर, हे असं का आहे, तसंच विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत दादाच बोलले. "अगं, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. हो ना हो?"

"हो," मी म्हणालो.

"तेच की," दादा म्हणाले.

मग आमचं अल क्वोज आलं. गाडीवाला म्हणाला, "यल्ला, उतरा." दादा वर्कशॉपकडे गेले. ती माझ्यापुढं चालत गोदामात गेली, खुंटीवरचं जॅकेट घातलं आणि म्हणाली, "सर, आज फ्रान्सचा कंटेनर आहे." त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतरही नाही.

हे छापून आलं तर ती वाचेल. त्याआधी तिला तोंडानं सांगायला हवं, आणि दादांच्या समोर सांगायला हवं, कारण खोटं त्यांच्याच घरात, त्यांची खिचडी खाताना बोललो. सांगायचं ते असं: आमच्या मुलाला मी पाठवलं नाही असं नाही, त्याला कुठं मिळालंच नव्हतं. तुला मिळालं होतं. त्या कागदाबद्दल तू म्हणालीस ते बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं.

एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.