गणपतीच्या कारखान्यातली जिम्नॅस्ट

आमच्या कासू गावची नूतन नऊ वर्षांची असताना पेणला शाळेच्या मैदानात खो-खोचा सामना बघत बसली होती. बसली होती म्हणजे डावा पाय मानेमागे टाकून बोरं खात होती. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. घरीही ती अशीच अभ्यासाला बसायची. "हिला हाडं हायत का नायत" म्हणत तिची आई, शीतलकाकू, तिला दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी दोन्ही वेळा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

सामन्याला पंच होत्या भाग्यश्री मॅडम. माहेर ठाण्याचं, सासर पेणचं, आणि लग्नाआधी रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये राज्यापर्यंत खेळलेल्या. त्यांना तो पाय दिसला आणि पुढचा सामना दिसेनासा झाला. एक मुलगी बाद झालेली त्यांनी पाहिलीच नाही, त्यावरून दोन शाळांची जुंपली. मॅडम मात्र संध्याकाळच्या गाडीने कासूला येऊन नूतनच्या ओटीवर हजर.

तिचे वडील महिपती डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डर. नुकतेच शिफ्टवरून आले होते. मॅडमनी समजावलं: गाण्याच्या तालावर गालिच्यावर करायची कसरत, हातात चेंडू, रिंग नाहीतर लांब फीत. वस्तू उंच फेकायची, ती वर असताना खाली गिरक्या घ्यायच्या आणि मग झेलायची.

"आणि नाय झेलली तर?" महिपतींनी विचारलं.

"मार्क जातात."

"मार्कच ना? आमच्याकडं वरून काय पडलं तर माणूस जातो. शिकू द्या तिला."

आता अडचण उरली छपराची. शाळेच्या हॉलमध्ये चेंडू पंख्याला लागायचा आणि मैदानात वारा फीत पळवायचा. शेवटी मॅडमनी दत्तात्रेयशेठचा गणपतीचा कारखाना गाठला. मंडळांच्या मूर्तींसाठी तिथलं छप्पर चांगलं उंच होतं. भाद्रपदात मूर्ती गेल्या की जागा मोकळी. पुढे नव्या मूर्ती जसजशा उभ्या राहायच्या तसतशी नूतनची जागा आटत जायची, आणि आषाढात तर बाजेएवढी उरायची. पहिल्या वर्षी तिच्या चेंडूने तीन उंदरांचे कान उडवले. शेठ देवाबद्दल निर्धास्त होते, पण उंदराबाबत हळवे.

"बाप्पा सांभाळून घेतील गो," ते म्हणाले, "उंदीर नाय घेणार."

त्यामुळे नूतन चेंडू सरळ वर फेकायला शिकली, इतका सरळ की तो परत तिच्याच हातात पडे. पण पहिल्या राज्यस्पर्धेत तेरा मीटरचा गालिचा समोर आला आणि पोरीने सगळी कसरत एका कोपऱ्यात उरकली. पंचांना वाटलं घाबरली असेल. ती घाबरली नव्हती, मूर्तींना जागा सोडत होती. गालिचा सगळा आपलाच आहे हे मनाला पटवायला तिला दोन वर्षं लागली. ते पटल्यावर सोळाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक आलं आणि सतराव्या वर्षी भारताच्या संघातून ताश्कंदचं बोलावणं.

परदेशातल्या मुलींचे पोशाख खड्यांनी लखलखतात असं मॅडमनी सांगितलं. शीतलकाकूंनी पोशाख शिवला, आणि खडे लावायला घेतले कारखान्यातल्या कृष्णाबाईने. तिचा हात मुकुटांवर बसलेला. तिने तसाच मुकुटासारखा गच्च भरला. नूतन वाकली आणि खडे लाह्यांसारखे तडतड उडाले. कृष्णाबाईला ते फार लागलं. ताणला तरी धरून राहील असा गोंद शोधायला तिने आठ दिवस घातले, आणि ते आठही दिवस ती नूतनला पोशाख घालून वाकवत होती.

ताश्कंदला रिंगच्या फेरीत नूतनचा अंदाज चुकला. रिंग गालिच्याबाहेर निघाली आणि घरंगळत थेट पंचांच्या टेबलापर्यंत गेली. ती धावत जाऊन घेऊन आली, पण तोवर गाणं पुढे निघून गेलं होतं. रडू येत होतं असं ती नंतर म्हणाली. पण पुढची फेरी चेंडूची होती, आणि चेंडूसमोर रडायची तिला लाज वाटली. तिने तो छताकडे सोडला, दोन गिरक्या मारल्या, आणि मागे न बघता पाठीमागे हात केला. चेंडू आला. एकूण छत्तीस जणींत ती एकविसावी आली, पण चेंडूत अकरावी.

उतरल्यावर एका कझाक मुलीने तिला गाठलं. नूतनला वाटलं, झेल आवडला असेल. ती नूतनच्या पोशाखाचे खडे बोटाने टोकरून बघत होती. तिच्या स्वतःच्या पोशाखाचे दोन गळले होते. तिलाही असाच पोशाख हवा होता. नूतनने तिथूनच कारखान्यात व्हिडिओ कॉल लावला. कृष्णाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तिला सांग गो, श्रावण-भाद्रपदात जमायचं नाय."

कार्तिकात जमलं. आता देशभरातल्या मुलींचे पोशाख कृष्णाबाईकडे येतात, आणि कारखान्यातल्या चार बायका त्या कामाला आहेत.

नूतन आणखी दोनदा परदेशी खेळली. विसाव्या वर्षी घोट्याचा सांधा गेला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या. दोन महिने ती घराबाहेर पडली नाही. मग भाग्यश्री मॅडमनी तिला जिल्हा स्पर्धेत पंच म्हणून बळेच नेऊन बसवलं. एक लहान मुलगी रिंगमागे धावत सुटलेली पाहून नूतनला इतकं हसू आलं की शेजारच्या पंचांनी दटावलं. घरी आली आणि दोन महिन्यांनी पोटभर जेवली.

आज ती तेवीस वर्षांची आहे आणि रोह्याला एका लग्नाच्या हॉलमध्ये चौदा मुलींना शिकवते. मुहूर्ताच्या दिवशी सुट्टी, म्हणून मुली पंचांग बघून येतात. त्यांतली पारी ही नदीकाठच्या वाडीवरच्या मजुराची मुलगी. ती आपल्यापेक्षा सरस निघणार, असं गेल्या आठवड्यात मी तिच्या हॉलवर गेलो होतो तेव्हा नूतनने मला सांगितलं, आणि तिच्या कानावर घालू नका, फुगेल, असंही बजावलं.

परत निघालो तर पारी दारातच चपला घालत होती. मी सांगून टाकलं.