पालर पाणी

बायकोची बदली झाली म्हणून तिच्यामागे निघालेला नवरा हा प्रकार आमच्या वसईजवळच्या भुईगावात अजून नवा आहे. आखातात गेलेले आहेत, बोटीवर गेलेले आहेत, पण ते कमवायला. मी निघालो तेव्हा देवळाच्या पारावर बसलेल्या एका काकांनी विचारलं, "बिकानेरला? तुझं काय काम तिथे?"

"काही नाही."

"मग ठीक. ते तुला जमेल."

तेही जमलं नाही.

बायको बँकेत. शनिवार-रविवार पुस्तकं घेऊन बसत, परीक्षा देत ती वर चढत गेली आणि पन्नाशीला तिला स्वतःची शाखा मिळाली, ती थेट वाळवंटात. मी तोवर माणिकपूरच्या विमा कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळा झालो होतो. मोकळा म्हणजे, सकाळी माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचायचा आणि दुपारी भुईगावच्या वाडीत जाऊन थोरल्या भावाच्या कामात अडथळा आणायचा. नाहीच जमलं तर बढती सोडून जुन्या जागेवर परत येता येत होतं, फक्त मे संपायच्या आत तसं कळवायचं. पण एकदा सोडली की पुन्हा ती तिच्या वाट्याला येणार नव्हती.

"तुम्ही रमलात तर राहू," ती म्हणाली. "नाही रमलात तर स्पष्ट सांगा, मी परत येते. नवऱ्याचं पडलेलं तोंड बघत मला मॅनेजरकी करायची नाही."

म्हणजे तिची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या मनावर टांगली गेली. माझ्या मनावर! जे ताकात मीठ कमी पडलं तरी उखडतं.

घर मिळालं ते जुन्या शहराला लागून, लाल दगडाचं. वर आम्ही, खाली मालकीणबाई. सत्तरीच्या, सगळी गल्ली त्यांना माँसा म्हणे. पुढच्या खोलीत त्यांच्या सुनेचं ब्यूटी पार्लर, दारावर नटलेल्या नवरीचा फोटो. हे पार्लर लक्षात ठेवा. माझी बायको मूळची सांगोल्याकडची, टँकरमागे घागर घेऊन धावत वाढलेली. पहिल्याच दिवशी तिने एका बादलीत आंघोळ, कपडे आणि उरलेल्या पाण्यात फरशी उरकली. माँसांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे तिला मुलगी मानलं. ती मुलगी म्हटल्यावर मी कोण? "आओ, जँवाईसा!" वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, कुणाला न विचारता, मी घरजावई झालो. माँसा मला बघून ओढणी पुढे ओढायच्या, खुर्ची पुसून द्यायच्या, ताटात वाटीभर तूप ओतायच्या. कौतुक फार होतं, बोलणं मात्र नव्हतं.

आणि मला तर बोलायला लागतं. बायको नऊला शाखेत गेली की दिवस समोर उताणा पडलेला असे. मी खोलीतून गच्चीवर, गच्चीवरून खोलीत. खिडकी उघडली तर वाळू, बंद केली तर भट्टी. पापड उघडा ठेवला तर संध्याकाळीही तितकाच कडक, याचं पहिले दोन दिवस कौतुक वाटलं. सवयीने मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले, तर बायको म्हणाली, "मीठ इथे कुठल्या पाण्याने ओलं होणार? तुमच्या अश्रूंनी?"

शेवटी मी फोनमध्ये राहायला गेलो. नारळ चोरीला जातात म्हणून दादाने वाडीत कॅमेरा बसवला होता आणि तो फोनवर दिसायचा. मी बिकानेरात बसून दिवसभर केळी बघायचो. केळी काही करत नसत. तरी बघायचो.

"दादा, चौथ्या ओळीत बकरी शिरलीय."

"अरे, ती आपलीच आहे." (आमच्या घरची बोली इथे तशीच लिहिली तर भुईगावाबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून सरळ मराठीत सांगतो.)

"आपली असली म्हणून काय झालं? कोंब खातेय."

"मग तू ये आणि तिला समजाव. मी जेवतोय."

बावखलात पाणी किती आहे हेही रोज विचारायचो. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, पणजोबांच्याही आधी कुणीतरी खणलेलं. विहिरी खाऱ्या होत चालल्यात, पण बावखल अजून गोडं आहे. त्यामुळे पाणी संपू शकतं, हा धडा आमच्या घरात कुणी नीट गिरवलेलाच नाही. त्यातूनच आमची पाय धुण्याची सवय आली. केळीच्या पाटातून चालून आलं की घोट्यापर्यंत चिखल. ओटीवर बादली आणि तांब्या ठेवलेलाच. पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडला तर आई जेवायला वाढत नसे. हात तोंडात जायच्या आधी पाय पाण्यात गेले पाहिजेत, ही आमची संस्कृती.

बिकानेरला पोचलो त्या संध्याकाळी दारातून आत आलो, तर डाव्या हाताला दगडी ओट्यावर माठ, त्यावर झाकण, झाकणावर पितळी लोटा. माझा जीव भांड्यात पडला. चला, माणसं आपल्यातलीच आहेत! तरी शहाणपणा म्हणून माझ्या वसईच्या हिंदीत विचारलं, "माँसा, ये पानी कायका है?"

त्या आदबीने म्हणाल्या, "पालर पानी है, सा."

आता मला सांगा, माणिकपुरात गल्लीगल्लीत जी पार्लरं आहेत त्यांना आपण बोलताना काय म्हणतो? पालरच ना? मी पलीकडच्या नटलेल्या नवरीकडे पाहिलं आणि समजलो. सुनेच्या पार्लरचं पाणी. वापरायचं, म्हणून बाहेर ठेवलेलं. मी तीन लोटे पायांवर घेतले. टाचा चोळल्या. बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवलं. माँसांनी तोंड फिरवलं, मला वाटलं मर्यादाशील बाई आहेत.

त्या दिवसापासून हा माझा नित्यनेम झाला. खरं तर अख्ख्या दिवसात तेवढंच एक बरं वाटायचं. गल्लीच्या टोकापर्यंत उगाच जाऊन यायचो, कारण परत आल्यावर पाय धुता येत. पाणी गार, हलकं, काय सांगावं! डोळे मिटले की दोन मिनिटं भुईगावच्या ओटीवर. मग ओल्या पायांनी आत शिरायचो आणि वाटेतली सगळी वाळू तळव्यांना चिकटून जिन्याने माझ्याबरोबर वर यायची. पायरी-पायरीवर गौर आल्यासारखी पावलं उमटायची. माँसा ती न बोलता झाडायच्या. संध्याकाळी माठ पुन्हा काठोकाठ भरलेला असायचा.

त्यात नहरबंदी लागली. त्या शहराला पाणी कालव्यातून येतं, आणि उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवाच बंद ठेवतात. नळ एक दिवसाआड. मी मोठ्या रुबाबात एका बादलीत आंघोळ करू लागलो. बायको खूश झाली. "बघा, जमतंय की तुम्हाला." पाय मी बाहेरच्या खात्यातून धुतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

मग तो रविवार आला. माँसांचे थोरले भाऊ गावाहून आले, पांढरा फेटा, दारातून येतानाच वाकून आले इतके उंच. आम्हा दोघांना खाली बोलावलं. माँसांनी त्याच माठातून लोटा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो आधी कपाळाला लावला. "वाह! पालर!" म्हणत वरून धार तोंडात सोडली.

माझ्यातला सज्जन जागा झाला. जाणत्या माणसाने गप्प बसू नये. मी पुढे होऊन ओरडलो, "अरे काका, रुको! वो पीनेका नहीं! वो पालर का है! मैं उससे रोज पाँव धोता हूँ!"

भाऊंचा घोट घशात थांबला. सून पार्लरच्या दारात कंगवा हातात धरून उभी राहिली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नजर नवीन होती.

तिनेच खालच्या आवाजात सांगितलं. पालर म्हणजे पावसाचं पाणी. गच्चीवर पडतं ते अंगणातल्या कुंडात साठवतात, कुंडाला कुलूप असतं. वर्षभर पुरवायचं. देवाला, पाहुण्याला, आजाऱ्याला. माँसा रोज स्वतः दोरीने ते शेंदून माठ भरायच्या.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?" मी मराठीत कुजबुजलो.

"जावयाला सांगतात होय?"

भाऊंनी घोट गिळला, मिशी पुसली आणि हसून म्हणाले, "जँवाई के पाँव तो हम अपने हाथों से धोते हैं. इन्होंने खुद धो लिए, हमारी मेहनत बची."

शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन शब्द बोललो असतो. या वाक्यावर मी स्वतःचे पाय बघत जिना चढलो.

वर आल्यावर बायको भांडली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरता भरता म्हणाली, "तुम्ही इथे आलेलाच नाहीत. दिवसभर फोनमध्ये केळी बघता, मग समोरचा माठ कसला दिसणार? जा तुम्ही वसईला. मी 'नको' म्हणून कळवून टाकते."

"थांब ना. मे संपायला वेळ आहे अजून."

"कशासाठी थांबू?"

मी बॅग काढली. आमची बॅग मोठी होती, मी सगळेच कपडे भरले. निघताना माँसांनी वाटेसाठी भुजियाचा पुडा दिला आणि पाण्याची बाटली. बाटलीत कुठलं पाणी होतं ते मी विचारलं नाही.

वसई रोडला उतरलो आणि रिक्षाने सरळ भुईगाव गाठलं. दमट हवेने चष्म्यावर वाफ धरली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! अर्धा तास. मग मला दिसलं की पंपाच्या पाइपचा सांधा गळतोय.

"दादा, पाणी वाया जातंय."

"वाया कुठे जातंय? केळीतच जातंय."

मी सुतळी आणि रबराचा तुकडा आणून सांधा बांधला. वहिनीने पाहुण्यांचे अर्धे उरलेले पेले मोरीत ओतले तेव्हा माझ्या तोंडून "अहो वहिनी!" असं निघालं की तिच्या हातातून पेला पडला. संध्याकाळी ओटीवर पाय धुवायला तांब्या घेतला. एका पायावर चार थेंब, दुसऱ्यावर चार.

दादा बघत होता. "पाय धुतोयस की तीर्थ देतोयस?"

चार दिवसांत घर मला वैतागलं. मी वाडीत जायचो, तिथून बावखलाच्या काठावर, तिथून समुद्राकडे, आणि पुन्हा ओटीवर. बूड टेकेना. कॅमेऱ्यात बघायला आता काही उरलं नव्हतं, कारण कॅमेऱ्यात मीच होतो. मग मी फोनवर बिकानेरचं तापमान बघू लागलो. ढग आहेत का बघू लागलो. कुंड किती रिकामं झालं असेल, याचा हिशेब झोपेतसुद्धा डोक्यात फिरायचा.

"आता काय बघतोयस त्यात?" दादाने विचारलं.

"काही नाही. तिकडे पाऊस कधी लागतो, ते."

"तिकडे असताना इकडचं बघायचास. इकडे येऊन तिकडचं बघतोस. तुला मध्ये सुरतेला उतरवायला पाहिजे होतं."

त्याच दिवशी बायकोचा फोन आला. इकडचं-तिकडचं काही न विचारता म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस, बँकेला कळवायचंय. काय सांगू?"

मी ओटीवर उभा होतो. पायाशी बादली भरून ठेवलेली. मी भलतंच विचारलं. "माठ कुठे ठेवलाय आता? आत नेला असेल ना?"

"माठ होता तिथेच आहे." ती म्हणाली. "शेजारी एक बादली ठेवलीय. खाऱ्या पाण्याची, बोअरिंगच्या. खास जँवाईसांसाठी. माँसांनी सुनेकडून वर कागद चिकटवून घेतलाय."

"काय लिहिलंय?"

"पार्लर."

पलीकडे ती हसू दाबत होती. ते मला ऐकू येत होतं. तिच्या मागे माँसांचा आवाजही आला, ओढणीआडचा नव्हे, चांगला ठणठणीत. मला उद्देशून काही म्हणत होत्या.

"काय म्हणतायत त्या?"

"म्हणतायत, यायचं असेल तर या, पण पाय धुतल्यावर कोरडे होईपर्यंत बाहेर बसायचं. जिना झाडून कंबर मोडली माझी."

बिकानेरला गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरातलं कुणीतरी मला रागावत होतं. दादाकडे पाहिलं. तो केळीचा घड उतरवत होता आणि न ऐकल्याचं नाटक करत होता.

"येतो म्हणून सांग," मी म्हणालो.

"रमाल?"

"ते नाही सांगता येत. पण पाय वाळेपर्यंत बसेन."

"बरं," ती म्हणाली. मग बँकेतल्या आवाजात, "येताना सुकेळी आणा. माँसांना तुमची केळी नुसती तुमच्या फोनमध्येच दिसलीत."